डाव्या हाताचा नट

आमच्याकडे गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "मेस्त्री हायेत का घरी?" मी समोरच उभी असते, कोपरापर्यंत ग्रीस, हातात पाना, तरी प्रश्न तोच. मी म्हणते, "जेवायला गेलेत. काय झालंय गाडीला?" मग गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून शेडमध्ये डोकावतं आणि म्हणतं, "येतो मंग घटकाभरानं."

सुरुवातीला वाईट वाटायचं. आता मी तेवढ्या वेळात गाडी बघून घेते. खाली तेलाचा थेंब कुठून पडतोय, साखळी किती ढिली आहे, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी कोरडी आहे की ओली. बाबा जेवून येईपर्यंत दुखणं बहुतेक कळलेलं असतं. मी ते हळूच बाबांना सांगते, बाबा मोठ्यानं सांगतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, "वा मेस्त्री, बघताबरुबर वळखलं!" बाबा माझ्याकडे बघतात. मी पाने पुसायला लागते.

वसमतला आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे बाबांच्या हाताखाली मी गेली काही वर्षं मोटारसायकली दुरुस्त करते. मला बोलायला फारसं येत नाही. या अंकासाठी लिहा असं पत्र आलं तेव्हा मी ते दोन आठवडे कपाटात ठेवलं होतं. आई म्हणाली, "तोंडानं बोलत न्हाईस, आता हातानं बी न्हाई म्हनतीस का?" म्हणून लिहिते.

या कामाबद्दल लोकांना वाटतं की ताकद लागते. ताकद कमी, कान जास्त लागतात. हळदीचे एक मोठे व्यापारी आहेत, त्यांची स्कूटर दर हंगामात धाप लागल्यासारखी चालायची. त्यांनी तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. मला तो आवाज भरलेल्या नाकासारखा वाटला. हवा जिथून आत जाते तिथली जाळी काढली तर आत हळदीचा थर, चांगला बोटभर. शेट बाबांना म्हणाले, "आमच्या घरच्या मान्सांच्या फुप्फुसात बी आसंच आसंल काय हो मेस्त्री?" हसत म्हणाले, पण बराच वेळ त्या जाळीकडे बघत राहिले.

एकदा मला बघायला पाहुणे आले होते. मुलगा मोटारसायकलवर आला होता, मागे त्याचे मामा. मी चहा दिला, विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि आत येऊन बसले. निघताना गाडी चालू होईना. मुलगा किक मारतोय, मामा सूचना करताहेत, गल्लीतली माणसं जमली. मी दाराआड होते. चार किकांनंतर आवाजावरून मला कळलं की पेट्रोलचा कॉकच बंद आहे. एक शब्द बोलले असते तर गाडी चालू झाली असती. बाबांनाही कळलं होतं, पण ते ओसरीवर छताकडे बघत उभे होते. शेवटी मामांनी गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. पाहुणे दिसेनासे झाल्यावर बाबा आत येऊन मला म्हणाले, "काहून बोलली न्हाईस?" मी म्हटलं, "तुम्ही काहून बोलला नाहीत?" ते म्हणाले, "म्या म्हनलं, पोरगं स्वतः बघतं का ते बघावं." ते स्थळ पुढे गेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते एका नटाबद्दल. ती गोष्ट मी कामाला लागले त्याच वर्षीची, बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या वर्षातली. मी अजून कुणाला ती नीट सांगितलेली नाही.

त्यासाठी आधी थोडं घरचं सांगावं लागेल. बाबा लष्करात होते, सिकंदराबादच्या वर्कशॉपमध्ये ट्रक दुरुस्त करायचे. तिथल्याच मिशनच्या इंग्रजी शाळेत त्यांनी मला घातलं. आमच्या घराण्यात शाळेचं तोंड बघितलेले बाबा पहिले, तेही चौथीपर्यंत. पुढे त्यांची बदली सरहद्दीकडे झाली, आई वसमतला परत आली आणि मी शाळेच्या हॉस्टेलात राहिले. आठ वर्षं. बाबा वर्षातून एकदा भेटायला यायचे. ते फाटकाजवळच्या बाकावर बसायचे, मी शेजारी बसायची. त्यांना माझ्याशी काय बोलावं ते कळायचं नाही आणि मला त्यांच्याशी. ते विचारायचे, "जेवन बराबर मिळतं का?" मी मान हलवायची.

मॅट्रिक होऊन घरी आले तेव्हा बाबा निवृत्त होऊन शेड टाकून बसले होते, आणि माझं मराठी अगदी मोडकं होतं. "माझी हात दुखते" असं मी बोलायची. नळावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "मड्डम, तुमची घागर भरला का?" असं मुद्दाम चुकीचं विचारायच्या. मी मनाशी ठरवलं की या घरात इंग्रजीचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही. बोलायचं ते मराठीत, नाहीतर गप्प राहायचं. बहुतेक वेळा मी गप्पच राहायची. काही करायला नव्हतं म्हणून शेडच्या दारात जाऊन बसायची आणि बाबांचे हात बघायची.

अशा दिवसांत थावरा नाईक आले.

वारंगा फाट्याच्या पलीकडे, रस्ता सोडून आत, त्यांचा तांडा आहे. नाईक म्हणजे तांड्याचे प्रमुख. साठीच्या पुढचा माणूस, पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल पटका. त्यांनी फाट्यापर्यंत बैलगाडीत आणि तिथून ट्रकमध्ये घालून एक मोटारसायकल आणली होती. मोटारसायकल कसली, गंजाचा ढीग. टायरांच्या जागी चिंध्या, सीटच्या जागी स्प्रिंगा, सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं.

"निजामाच्या वक्ताची हाय," नाईक म्हणाले. "जंगलखात्याचा एक साहेब होता. तांड्याजवळ बंद पडली. म्हनला, नाईक, संभाळ, मी येतो. तेच्यानंतर रझाकाराची धामधूम झाली, आन् साहेब काही आला न्हाई. पंचवीस वर्सं अमानत म्हनून कडब्याखाली ठिवली."

"मंग आता काहून काढली?" बाबांनी विचारलं.

"गेल्या पावसाळ्यात आमची म्हातारी लई आजारी पडली, बाजेवर घालून फाट्यापर्यंत नेली. चार मान्सं, कमरंइतका चिखल. वाचली, पर तेच्यापुढं झोप येत न्हाई मला. माझ्या थोरल्याला गाडी चालवता येती. आता साहेब येत न्हाई, मेस्त्री. आला तर मी बोलंन त्याच्याशी."

मग त्यांनी पटक्याच्या पदरातून एक पुडकं काढलं. मेणकापडात गुंडाळलेलं पुस्तक, वर हळदीकुंकवाची बोटं. सीटखालच्या पेटीत सापडलेलं. गाडीचे सरकारी कागद समजून नाईकांनी ते इतकी वर्षं देवीच्या पेटीत ठेवलं होतं आणि दर सणाला पुजलं होतं. बाबांनी उघडून बघितलं. इंग्रजी होतं. चित्रं होती, आकडे होते. त्यांनी ते उलटंसुलटं केलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "माय, हे वाचता येईल का तुला?"

ती गाडी चालू झाली, हे आधीच सांगून टाकते. आजही चालते. फाट्यावर कधी तिचा आवाज आला तर टपरीवाले म्हणतात, नाईकाची म्हैस आली. तेव्हा पुढे वाचताना गाडीची काळजी करू नये. पणाला लागलं होतं ते दुसरंच.

पहिला महिनाभर फार सुंदर गेला. बंद पडलेलं जुनं इंजिन उघडायची घाई करायची नसते. पिस्टन आत चिकटून बसलेला असतो. प्लगच्या भोकातून रॉकेल आणि तेल एकत्र करून ओतायचं, आठ दिवस थांबायचं, मग लाकडी ठोकळ्यानं हलकेच टिचक्या मारायच्या. बाबा रोज सकाळी टिचकी मारून कान लावायचे. नवव्या दिवशी पिस्टन केसभर हलला आणि बाबा इतक्या हळू "हलला" म्हणाले, की जणू घरात कुणी झोपलंय. कार्बोरेटरचे पितळी भाग मी चिंचेनं घासले. व्हॉल्व्ह घासायचं काम तर माझ्याकडेच आलं. दांडी दोन तळव्यांत धरून ताक घुसळतात तशी फिरवायची असते. आई दारातून बघून म्हणाली, "ताक करायला सांगितलं तर येत न्हाई म्हनती."

नाईक दर बाजाराच्या दिवशी यायचे. आल्याबरोबर गाडीच्या टाकीवर तळहात ठेवायचे, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि विचारायचे, "काय खाल्लं का आज?" त्यांचे वाडवडील बैलांवर मीठ, धान्य लादून मुलूख फिरलेले. त्यांच्या हिशेबी ओझं वाहणारं ते सगळं जनावर.

पुस्तकाचं काम असं चालायचं. बाबा विचारायचे, "काय लिवलंय?" मी मनातल्या मनात इंग्रजी वाचायची, त्याचं मराठी जुळवायची आणि मग बोलायची. कधी एका ओळीला पाच मिनिटं लागायची. बाबा पाना हातात धरून थांबायचे. घाई केली नाही त्यांनी कधी. मला वाटायचं, माझं मराठी किती सुधारतंय हे ते बघताहेत.

इंजिनच्या उजव्या अंगाला एक झाकण असतं. ते काढलं की आत दातेरी चाकं दिसतात आणि ती बसवलेले नट. आमच्या समोर दोन मोठे नट होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. डावीकडच्या नटावरच तेलाचा पंप फिरतो. तो नट गेला तर इंजिनला तेल मिळत नाही.

"काय लिवलंय?" बाबा म्हणाले.

मी वाचलं. त्या नटाबद्दल लिहिलं होतं की तो 'लेफ्ट हँड'चा आहे. पुढे 'थ्रेड' असा शब्द होता. थ्रेड म्हणजे दोरा, इथे दोरा कुठला? मी तो शब्द सोडून दिला. समोर डावीकडे एक नट होता. अर्थ बरोबर जुळला.

"डाव्या हाताचा नट आहे," मी म्हणाले. "डावीकडचा. तो सोडवायचा."

बाबांनी पाना लावला. नट हलेना. रॉकेल सोडलं, थांबले, पुन्हा लावला. मग पान्याला हातभर पाइप घातला. मध्येच ते थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "डाव्या हाताचा म्हनलीस ना?" मी मान हलवली. त्यांनी जोर लावला. कट् असा आवाज झाला. नट फाटून दोन तुकड्यांत खाली पडला.

बाबा तुकडे तळहातावर घेऊन बसून राहिले. लष्करात वीस वर्षं आणि इथे तीन, त्यांच्या हातून नट फाटला नव्हता. ते म्हणायचे, नट सुटायचा असला की आधी हाताला सांगतो, फाटायचा असला तरी सांगतो. ज्याला ते ऐकू येतं तो मेस्त्री.

"हात गेला माझा," ते म्हणाले.

एवढंच. पाना पुसून जागेवर ठेवला आणि घरात गेले. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईनं मला सांगितलं की कापसाच्या जिनिंगवर रखवालदाराची जागा आहे आणि बाबांनी हो म्हटलंय. सोमवारपासून जायचं. "लोकाची गाडी मोडून खान्यापरीस काठी घिऊन बसलेलं बरं, म्हनले," आई म्हणाली आणि तवा उगाचच जोरात आपटला.

नाईकांची गाडी मात्र पुरी करून द्यायची होती. नट नवीन करून आणायला हवा होता. बाबा म्हणाले, "माय, तू जा नाईकासंगं नांदेडला. म्या न्हाई येत. खराद्याला तोंड दाखवावं वाटंना." खरादी म्हणजे लेथवर लोखंड कापून भाग बनवणारा कारागीर.

मी आणि थावरा नाईक एस.टी.नं नांदेडला गेलो. खरादी एक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते, चष्म्याला दोरी बांधलेली. त्यांनी तुकडा उजेडाकडे धरून आत बघितलं आणि एकदम चिडले.

"कौन गधे ने खोला ये?"

नाईक म्हणाले, "चाचा, बाईमान्सं हायेत, जरा..."

"बाईमान्सां हैं तो क्या नट जुड जाएंगा? ये उल्टी चूडी का नट है. देखो, देखो इधर. सब नट इधर घुमाने से खुलते, ये उधर घुमाने से खुलता. खोलनेवाला खोल नहीं रहा था, कस रहा था! इत्ती ताकत से कसेंगे तो फटेंगाच ना?" मग माझ्याकडे बघून जरा मऊ आवाजात म्हणाले, "बेटी, इसको लेफ्ट हँड थ्रेड बोलते."

नटाच्या आत जी वळणावळणाची खाच असते तिला मराठीत आटे म्हणतात, हिंदीत चूडी. इंग्रजीत थ्रेड. मला दोरा माहीत होता.

नट तयार व्हायला दुपार झाली. मी दुकानाच्या पायरीवर बसले होते. लोखंडाचे चकचकीत कीस पायाशी पडत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: बाबांचा हात गेला नव्हता. माझं वाचन चुकलं होतं. जमिनीचा तुकडा विकून, स्वतः सरहद्दीवर राहून ज्या इंग्रजीसाठी त्यांनी मला दूर ठेवलं, तीच मला आली नव्हती. हे त्यांना कसं सांगायचं? आमच्या घरी माझ्याकडे दुसरं होतं तरी काय?

परतीच्या गाडीत नाईक म्हणाले, "पोरी, म्या आडानी, पर येवढं कळलं मला. तू बुकात वाचलं ते चुकलं, व्हय ना?"

मी मांडीवरचा नवा नट रुमालात गुंडाळला.

"मी सांगतो मेस्त्रीला. म्हनतो, तांड्यात पोट्ट्यांनी आधीच ठोकून नट ढिला केला व्हता, चीर व्हती त्याला. माझ्यावर घेतो. मला काय, माझी गाडी, माझा नट."

त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की मला रडू आलं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, हो म्हणावं. नट चिरलेलाच होता असं कळलं तर बाबांचा हात त्यांना परत मिळेल आणि माझं इंग्रजीही जागेवर राहील. सगळ्यांचं भागेल.

वसमतला उतरताना नाईक थांबले. "सांगू का?"

"नको," मी म्हणाले. "मी सांगते."

पण सांगितलं नाही. चार दिवस सांगितलं नाही. त्या चार दिवसांचं मला अजून वाईट वाटतं, कारण बाबा त्या दिवसांत अंगणात बसून स्वतःच्या हातांकडे बघायचे. बोटं मिटायचे, उघडायचे. जेवताना पाण्याचा तांब्या उचलतानाही सांभाळून उचलायचे, जणू तोही फुटेल. जिनिंगवाल्यांनी खाकी सदरा पाठवला होता, आईनं तो धुऊन वाळत घातला होता. मी त्याच्या खालून ये-जा करायची. रोज सकाळी ठरवायची, आज. रोज बाबांसमोर गेलं की मराठी शब्द सापडायचे नाहीत.

रविवार उजाडला. बाबा शेडमध्ये गेले, पण कामाला नाही. पाने तेलात पुसून एकेक करून लष्करी पिशवीत भरत होते. मोठे आधी, लहान नंतर. दहा नंबरचा पाना पिशवीत गेला तेव्हा मी पुस्तक घेऊन आत गेले.

"बाबा."

"हं."

"तो नट उलट्या आट्यांचा होता."

त्यांचा हात थांबला. "कोन म्हनलं?"

"खरादी म्हणाले. आणि पुस्तकातही तेच होतं. मला कळलं नाही. मी डावीकडचा म्हणाले तुम्हाला."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर सोपं झालं असतं.

"काय लिवलंय? वाच."

मी नेहमीसारखं मराठी जुळवायला लागले, "हा जो नट आहे, त्याचे..."

"तसं न्हाई. हाय तसं वाच."

त्या घरात मी पहिल्यांदाच मोठ्यानं इंग्रजी वाचलं. "धिस नट हॅज अ लेफ्ट हँड थ्रेड."

"लेफ्ट हँड थ्रेड," बाबा म्हणाले. त्यांचे उच्चार लष्करी, जड, पण शब्द तेच. "लेफ्ट हँड थ्रेड! आगं माय, हे तर मला म्हाईत हाय. ट्रकाच्या डाव्या चाकाचे समदे नट लेफ्ट हँड थ्रेड. हजारदा खोललेत म्या. हेच लिवलं व्हतं?"

"हो."

"मंग मराठी कशाला केलंस?"

नळावरच्या बायका, मड्डम, हे सगळं कसं सांगणार? मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्हाला इंग्रजी कळणार नाही. आणि मला मराठी येतं असं वाटावं तुम्हाला."

बाबा उठले. नवा नट फळीवर होता, तो हातात घेऊन त्यांनी आतल्या आट्यांवरून करंगळी फिरवली. मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला.

"म्हंजी हात बराबर सांगून राहिला व्हता," ते म्हणाले. "पाइप लावला तवा हातानं सांगितलं मला, हे सुटून न्हाई राहिलं, आवळून राहिलंय. म्या थांबलो बी व्हतो, आठवतं? तुला इचारलं. मंग म्हनलं, लेकरू बुकात बघून सांगतंय, बुक कसं खोटं बोलंल? हाताला म्हनलं, गप." मग घराकडे तोंड करून ते ओरडले, "आगं ऐकलंस का? हात बराबर हाय माझा! बराबर हाय!"

आई पीठ लागलेल्या हातांनी दारात आली. "मंग म्या काय म्हनत व्हते चार दिसांपासून?" ती म्हणाली. तिनं तसं काहीच म्हटलं नव्हतं.

मी पुस्तक मिटलं. मला वाटलं आता माझी पाळी. बाबा पिशवीतून दहा नंबरचा पाना पुन्हा बाहेर काढत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "येवढं जाड बुक. समदं आसंच वाचता येतं तुला? न थांबता?"

"हो."

"मला म्हाईत नव्हतं." ते पान्याकडे बघत होते. "आठ वर्सं ठिवलं तुला तिथं. फाटकापाशी बसायचो तवा वाटायचं, म्हनावं, माय, वाच की काहीतरी विंग्रजी. लाज वाटायची. आपल्याला कळंना, आन् आपन ऐकायला बसलो. घरी आलीस तरी कधी बोलली न्हाईस."

मी गाडीच्या चाकाशेजारी खाली बसले.

"कुठून वाचू?" मी विचारलं.

"पयल्यापासून."

मी वाचायला लागले. बाबा काम करत होते. सगळं त्यांना कळत नव्हतं, पण मध्येच ओळखीचा शब्द आला की "हां, गॅस्केट", "हां, क्लच" असं म्हणायचे, गर्दीत नात्यातलं माणूस दिसावं तसे. जिथे हातानं केलेलं आणि छापलेलं जुळायचं तिथे नुसती मान हलवायचे. कधी म्हणायचे, "ते चूक लिवलंय. आपल्या उन्हात तेवढं तेल चालत न्हाई." मग मी पेन्सिलीनं कडेला तसं लिहायची, मराठीत. त्या पुस्तकात आज छापलेल्या ओळींइतकंच आमचं लिहिलेलं आहे. पुढे साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरांची, पंपांची पुस्तकंही आमच्याकडे आली आणि मी सगळी अशीच वाचली. कामाची भाषा आमच्या शेडमध्ये तिथपासून दोन्हीकडून चालत आली आहे. नळावरच्या बायकांना आता मड्डम लागते. सासरच्या औषधाच्या चिठ्ठ्या वाचून घ्यायला त्यांच्या सुना माझ्याकडे येतात.

सोमवारी सकाळी बाबांनी आंघोळ केली आणि खाकी सदऱ्याकडे न बघता शेडमध्ये गेले. डावीकडचा नट बसवायचा होता. मी त्या पानावर होते. एका वाक्याखाली बोट धरून वाचत होते, तोच जिनिंगचा मुनीम सायकलवरून आला आणि बाहेरूनच म्हणाला, "मेस्त्री, आज हजर व्हायचं ना? मालक वाट बघून राहिले."

बाबांनी पाना नटावर ठेवला आणि मान वर न करता म्हणाले, "मालकाला सांगा, मला येनं जमत न्हाई. माझी पोरगी वाचून राहिली."